डोंगराच्या पायथ्याचं घर: संचकारापासून फॉर्म नऊ-अकरापर्यंत

बेळगावच्या पश्चिमेला, वैजनाथच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी आम्ही दोघा भावांनी मिळून 14 गुंठ्यांतलं एक बैठं घर विकत घेतलं. आई-बाबा, आमची दोन बिऱ्हाडं आणि मुलं धरून नऊ माणसं. शोध जुलै 2024 मध्ये सुरू झाला, संचकार, म्हणजे विसाराची रक्कम, 28 मे 2025 ला दिला, खरेदी 25 सप्टेंबरला झाली आणि राहायला डिसेंबरात आलो. कोणता कागद कोणत्या कागदाच्या आधी लागतो हे कुणी ओळीने सांगितलं असतं, तर दोन महिने आणि 90,000 रुपये वाचले असते. बेळगुंदी, बिजगर्णी, उचगाव, किणये, जांबोटी या बाजूला घर शोधणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं क्रमाने लिहितो.

आधी एक सूचना. आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाचे नातेवाईक चंदगड-गडहिंग्लज-कोल्हापूरकडे असतात आणि ते मनापासून सल्ला देतात. पण बाची ओलांडून शिनोळीत, म्हणजे महाराष्ट्रात, गेलात की कायदाच बदलतो. तिकडचा सातबारा म्हणजे इकडचा उतारा, म्हणजे आर.टी.सी. तिकडे इंडेक्स टू काढतात, इकडे ई.सी., म्हणजे मिळकतीवरच्या व्यवहारांचा आणि बोजांचा दाखला, काढावी लागते. महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतलं की मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट मिळते, कर्नाटकात ती नाही. आमच्या पहिल्या हिशेबात ती सूट धरलेली होती.

डोंगराकडचं घर दोनदा पाहायचं, एकदा आषाढात आणि एकदा वैशाखात. हिवाळ्यात सगळीच घरं चांगली दिसतात. जुलै 2024 च्या संततधार पावसात आम्ही पाच घरं पाहिली आणि त्यातली चार तिथेच सोडली. दोन घरांत फरशीच्या सांध्यांतून उमाळे फुटत होते. एका घराच्या मागची डोंगर कापून बांधलेली चिऱ्यांची भिंत मधोमध पुढे फुगली होती. चौथ्या घराच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघालेल्या, आणि त्या सगळ्या उताराच्या बाजूच्या खोल्यांत. उतारावर घर बांधताना वरची बाजू कापतात आणि तीच माती खाली भरतात. भर नीट दाबलेली नसली तर घराची ती बाजू वर्षानुवर्षं बसत राहते. अशी भेग गिलावा करून जात नाही, पुढच्या पावसात पुन्हा दिसते.

पाचव्या घरातही मागच्या खोलीत गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत ओल होती, पण तिचं कारण उघड दिसत होतं. मागच्या धारक भिंतीला पाणी निचरायला ठेवलेली भोकं मातीने बुजली होती आणि भिंतीमागे चरच नव्हता. डोंगरातून झिरपणारं पाणी अडलं की ते जोत्याखालून घरात शिरतं. भिंत स्वतः मात्र ओळंब्यात होती. ओळंबा लावून पाहायला गवंडी सोबत न्यावा, त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी हा या सगळ्या व्यवहारातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी खर्च.

छप्पर कौलारू असेल तर गवंड्यापेक्षा सुतार महत्त्वाचा. वासे भिंतीत जिथे शिरतात तिथे टोच्या मारून पाहायला सांगा, वाळवी आणि कूज तिथूनच सुरू होते. कौलं बदलणं सोपं आहे, वासे बदलायचे तर अख्खं छप्पर उतरवावं लागतं. आमच्याकडे अकरा वासे गेले होते.

वैशाखात दुसऱ्यांदा जायचं ते पाण्यासाठी. 200 लिटरचं पिंप ठेवून बोअर चालू केली आणि घड्याळ लावलं. पिंप चार मिनिटांत भरलं, म्हणजे तासाला 3,000 लिटर. पंप तासभर तसाच चालू ठेवून पुन्हा मोजलं, तेव्हा सहा मिनिटं लागली. ही दुसरी मोजणी खरी, कारण पहिली नुसत्या साठलेल्या पाण्याची असते. माणशी 135 लिटर धरले तर नऊ माणसांना दिवसाला सव्वाबाराशे लिटर लागतात, म्हणजे भर मे महिन्यात पाऊण तास पंप चालवून भागतं. बोअर आणि संडासाची टाकी यांच्यात निदान 50 फूट अंतर आहे ना, तेही त्याच फेरीत टेपने मोजून घ्यावं.

आता कागद. उतारा कन्नडमध्ये असतो, पण त्याला बिचकू नका. पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण हे शब्द तेच आहेत. नावांमधलं ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा आणि ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, हे आपल्या जुन्या मराठी दस्तांतही असंच लिहायचे. रकाना 9 मध्ये मालकाचं नाव, 10 मध्ये जमीन त्याच्याकडे कशी आली ते, 11 मध्ये बोजा आणि इतर हक्क. डोंगराकडच्या जमिनीत मात्र रकाना 3 आधी वाचावा. त्यात एकूण क्षेत्र आणि खराबा वेगळा दाखवलेला असतो. ‘अ’ खराबा म्हणजे खडक वगैरे, लागवडीला न येणारी पण मालकाचीच जमीन. ‘ब’ खराबा म्हणजे ओढा, वाट, स्मशान अशी सार्वजनिक वापराची जमीन. ती सरकारची असते आणि विकता येत नाही.

विकणाऱ्यांनी आम्हाला साडेपंधरा गुंठे सांगितले होते, कंपाउंडही तेवढ्याला होतं. मोबाईलवर दिशांक हे सर्व्हे नंबरांचा नकाशा दाखवणारं ॲप उघडून जागेवर उभे राहिलो तेव्हा पूर्वेच्या कोपऱ्यात सर्व्हे नंबरची रेघ कंपाउंडच्या आतून जाताना दिसली. दिशांकवर काही फुटांची चूक असू शकते, त्यामुळे त्यावरून भांडू नये, पण शंका आली की हद्दबस्तासाठी, म्हणजे हद्द ठरवून घेण्यासाठी, मोजणी खात्यात अर्ज करायला लावावा. अर्ज मालकानेच करायचा असतो. सर्व्हेअर येऊन दगड दाखवून गेला तेव्हा पूर्वेचा दीड गुंठा ओढ्याचा, म्हणजे ‘ब’ खराब्यातला निघाला. फाइलमध्ये 1949 चं मोडीतलं एक खरेदीखत होतं. बेळगाव तेव्हा मुंबई प्रांतात होतं, त्यामुळे त्या काळातले असे कागद इथल्या बऱ्याच घरांत सापडतात. मोडी वाचणाऱ्याकडून ते लिप्यंतर करून घेतलं, 1,500 रुपये लागले. त्यात चतुःसीमेत स्पष्ट लिहिलं होतं, ‘पूर्वेस ओढा’. पंच्याहत्तर वर्षांपूर्वीच्या दस्ताने तो प्रश्न तिथेच मिटवला. ठरलेली किंमत 96 लाखांवरून 90 लाखांवर आली आणि खरेदीपत्रात 14 गुंठेच लिहिले गेले. मोजणी खरेदीनंतर करू असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

त्यानंतर एन.ए. शेतजमीन बिनशेती केल्याचा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, भू-महसूल कायदा 1964 च्या कलम 95 खालचा, मूळ प्रत किंवा नक्कल हातात घेऊन वाचावा. आमचा 1996 चा होता. त्यातला सर्व्हे नंबर, हिस्सा आणि क्षेत्र उताऱ्याशी जुळतंय का ते पाहायचं. घर ग्रामपंचायत हद्दीत असेल तर पुढचा कागद ई-स्वत्तुचा, म्हणजे पंचायतीतल्या मालमत्तांच्या ऑनलाइन नोंदीचा, लोक त्याला फॉर्म नऊ-अकरा म्हणतात. इथे एक अक्षर फार महत्त्वाचं आहे. फॉर्म 9 आणि 11अ असेल तर मालमत्ता नियमानुसार आहे. 11ब असेल तर बिनशेती किंवा मंजुरी यांपैकी काहीतरी कमी आहे, आणि बहुतेक बँका त्यावर कर्ज देत नाहीत. ‘नंतर अ करून देतो’ या शब्दावर पैसे देऊ नयेत. खानापूर तालुक्याकडे सरकत असाल तर पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात गाव आहे का, हे अधिसूचनेतल्या गावांच्या यादीत पाहून घ्या. मूळ जमीन सरकारने अनुसूचित जाती-जमातीतल्या कुणाला दिलेली असेल, तर अशी जमीन विकण्यावर बंधन घालणाऱ्या 1978 च्या पी.टी.सी.एल. कायद्याचा प्रश्न येतो का, तेही वकिलांना विचारायला हवं.

ई.सी. कावेरी या नोंदणी खात्याच्या पोर्टलवर 1 एप्रिल 2004 पासूनची मिळते. त्याआधीची सब-रजिस्ट्रार ऑफिसातल्या वह्यांतून हाताने काढावी लागते आणि बँकेला बहुधा तीस वर्षांचा शोध हवा असतो. म्हणजे दोन वेगळे अर्ज. व्यवहार असतील तर फॉर्म 15 येतो, काहीच नसेल तर फॉर्म 16.

इतकं पाहून आम्ही 28 मे ला संचकार दिला, 5 लाख, आणि साठ दिवसांत खरेदी असं लिहिलं. एक गोष्ट राहिली होती आणि तीच महागात पडली. फॉर्म 9 वर विकणाऱ्या दोन भावांची नावं होती आणि समोर तेच दोघे बसले होते, म्हणून आम्ही वंशवृक्ष, म्हणजे घराण्यातल्या वारसांचा दाखला, मागितला नव्हता. त्यांचे वडील 2009 मध्ये वारले, आई 2017 मध्ये. जूनमध्ये बँकेच्या वकिलांनी विचारलं, बहीण आहे का? होती, गोव्यात, 1989 मध्ये लग्न होऊन गेलेली.

‘लग्न होऊन गेली, तिचा काय संबंध’ हे वाक्य आपल्याकडे अजून सर्रास ऐकू येतं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क 9 सप्टेंबर 2005 च्या दुरुस्तीने दिला आहे, आणि वडील त्या तारखेला हयात असोत-नसोत तो जन्मापासून आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला स्पष्ट केलं आहे. शिवाय वडिलांची वारस म्हणूनही ती येतेच. तिच्या सहीशिवाय झालेली खरेदी तिच्या हिश्शापुरती उद्या कोर्टात उभी राहणार नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या घरात एक मुलगी वाढली ते तिला न विचारता घ्यायला आम्हालाच बरं वाटत नव्हतं. तिला फोन केला तेव्हा कळलं की घर विकायचं आहे हे तिला माहीतच नव्हतं. तिने अडवलं नाही. एक दिवस येऊन घर बघून गेली, भावांशी बोलली आणि तिसरा हिस्सा घेऊन सही करायला तयार झाली.

पण नुसती तयारी पुरत नाही. कावेरी प्रणाली विकणाऱ्यांची नावं थेट ई-स्वत्तुवरून उचलते, त्यामुळे तिचं नाव आधी फॉर्म 9 वर चढवावं लागलं. नाडकचेरीत, म्हणजे इथल्या महसूल कार्यालयात, वंशवृक्षाचा अर्ज 18 जूनला केला, तलाठ्यांची चौकशी होऊन तो 5 जुलैला हातात आला. 8 जुलैला पंचायतीत नाव लावण्याचा अर्ज दिला, तिच्या नावासह नवा फॉर्म 9 निघाला तो 3 सप्टेंबरला. मधल्या काळात साठ दिवसांची मुदत संपली. ती संपण्याआधीच मुदतवाढ दोन्ही बाजूंच्या सह्यांनी संचकारपत्रावर लिहून घ्या, तोंडी ठेवू नका. याच वेळी नावांचा घोळही निघाला. एकाच माणसाचं आडनाव उताऱ्यावर एक, आधारवर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. मराठी नाव कन्नडमध्ये लिहायचं, तिथून इंग्रजीत आणायचं, यात हे होतंच. तिघांची ‘हा आणि तो एकच इसम’ अशी प्रतिज्ञापत्रं करून घेतली. भावांच्या सज्ञान मुलांच्या सह्या संमतीदार म्हणून घ्यायला वकिलांनी सांगितलं. कुणी अज्ञान असेल आणि त्याचा हिस्सा येत असेल तर प्रश्न कोर्टाच्या परवानगीपर्यंत जाऊ शकतो, म्हणून हे संचकाराआधीच विचारावं.

31 ऑगस्ट 2025 पासून कर्नाटकात नोंदणी शुल्क 1 टक्क्यावरून 2 टक्के झालं. खरेदी जुलैत ठरल्याप्रमाणे झाली असती तर 5,98,500 रुपये लागले असते, आम्हाला 6,88,500 भरावे लागले. हिशेब असा. मुद्रांक शुल्क 5 टक्के म्हणजे 4,50,000. त्या शुल्कावर 10 टक्के सेस 45,000 आणि ग्रामीण भागाचा 3 टक्के अधिभार 13,500. नोंदणी शुल्क 1,80,000. शहर हद्दीत अधिभार 2 टक्के असतो. हे सगळं खरेदीची किंमत आणि गाईडन्स व्हॅल्यू, म्हणजे सरकारने ठरवलेली किमान किंमत, यांतली जी जास्त तिच्यावर लागतं. व्हॅल्यू आधी कावेरीवर बघून ठेवा.

कर्ज 60 लाख मिळालं. बँक आपल्या किमतीकडे पाहत नाही, तिच्या व्हॅल्युअरने काढलेल्या किमतीकडे पाहते. ती 78 लाख निघाली. 30 ते 75 लाखांच्या कर्जात घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंत देता येतं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि मुद्रांक-नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरत नाहीत. म्हणजे 30 लाख, वर जवळजवळ 7 लाख, आणि दुरुस्ती, एवढे पैसे स्वतःचे तयार लागले. जुन्या घराला कर्ज काढताना हा फरक आधी धरून ठेवला नाही तर शेवटच्या आठवड्यात फार धावाधाव होते.

टी.डी.एस. चा भाग बहुतेकांना माहीत नसतो. 50 लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात विकत घेणाऱ्यानेच 1 टक्का कापून सरकारला भरायचा असतो, संचकारातूनसुद्धा. 2025 मध्ये प्रत्येक घेणारा आणि प्रत्येक विकणारा अशा जोडीला एक 26क्यूबी फॉर्म लागत होता. संचकाराच्या वेळी आम्ही दोघे आणि ते दोघे, म्हणून चार. खरेदीच्या वेळी बहीण धरून सहा. एकूण दहा फॉर्म, मिळून 90,000 रुपये. ही रक्कम विकणाऱ्यांच्या पैशातूनच वजा होते, ते त्यांना सुरुवातीलाच समजावून सांगा, नाहीतर शेवटी गैरसमज होतो. ज्या महिन्यात पैसे दिले तो संपल्यापासून 30 दिवसांत भरायचं, उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये. विकणाऱ्यांचं पॅन आधारला जोडलेलं आहे का हे आधी तपासा. बहिणीचं जोडलेलं नव्हतं. तसंच राहिलं असतं तर तिच्या 30 लाखांवर 1 ऐवजी 20 टक्के, म्हणजे 6 लाख कापावे लागले असते. 1,000 रुपये भरून जोडणी केली, पॅन पुन्हा चालू होईपर्यंत थांबलो. रोख 20,000 किंवा अधिक कुठल्याही टप्प्यावर देऊ-घेऊ नये, जेवढी रोख तेवढाच दंड होऊ शकतो.

नवा फॉर्म 9 आला आणि चार दिवसांत पितृपंधरवडा लागला. घरातल्या मोठ्यांनी सहीला नकार दिला आणि त्यांचा मान ठेवला. 22 सप्टेंबरला घटस्थापना झाली. तोवर दस्ताचा मसुदा कावेरीवर चढवून, तपासून घेऊन, खजाने-2 या सरकारी भरणा पोर्टलवर चलन भरून ठेवलं होतं. 2 सप्टेंबर 2024 पासून जिल्ह्यातल्या कुठल्याही सब-रजिस्ट्रार ऑफिसात नोंदणी करता येते, त्यामुळे कमी गर्दीच्या ठिकाणची वेळ मिळाली.

25 तारखेला सकाळी साडेदहाला गेलो, दोनला बाहेर आलो. सोबत सगळ्यांची मूळ आधार-पॅन, दोन साक्षीदार, तीन डी.डी. फोटो, अंगठे, सही. वयस्कर माणसांचे अंगठे मशीनवर उमटत नाहीत, हात धुऊन थोडं खोबरेल लावून पुसलं की उमटतात. दस्त कन्नडमध्ये होता. सहीआधी आम्ही वकिलांना तो पूर्ण मराठीत वाचून दाखवायला सांगितलं, विकणाऱ्यांनाही तेच हवं होतं. वीस मिनिटं गेली. चतुःसीमेत उत्तर आणि दक्षिणेच्या शेजाऱ्यांची अदलाबदल झालेली त्यातच सापडली आणि तिथेच दुरुस्त झाली. नंतर सापडली असती तर दुरुस्तीपत्र, पुन्हा तिन्ही विकणारे, पुन्हा गोव्याहून फेरी. कन्नड चांगलं येणाऱ्यांनीही हे वाचन सोडू नये. बहिणीने सही केली आणि चावीच्या जुडग्यातली देवघराची किल्ली वेगळी काढून आमच्या आईच्या हातात दिली.

ऑक्टोबर-नोव्हेंबर दुरुस्तीत गेले. मागच्या भिंतीची बुजलेली भोकं मोकळी केली, जिथे नव्हती तिथे पाच-पाच फुटांवर 3 इंची पाइप घातले. भिंतीमागे अडीच फूट खोल चर खणून त्यात 4 इंची भोकांचा पाइप, वर खडी, आणि पाणी घराला वळसा घालून ओढ्याकडे. चर, पाइप आणि मजुरी मिळून 1,85,000 लागले. आतला गिलावा लगेच करू नका. ओल धरलेला गिलावा खरवडून भिंत दोन महिने उघडी ठेवली, मग केला. वासे, कौलं आणि वायरिंग धरून आणखी 4,10,000. जुन्या बिलावर मंजूर लोड 3 किलोवॅट होता, तीन गीझरना तो पुरला नसता, म्हणून हेस्कॉम या वीज कंपनीत नावबदलाच्या अर्जासोबतच लोड 7 किलोवॅटला वाढवून घेतला. अर्जाला खरेदीपत्राची प्रत, आर.आर. नंबर (वीजजोडणीचा क्रमांक) आणि जुन्या मालकांचं ना-हरकत पत्र लागतं. ते पत्र खरेदीच्याच दिवशी सही करून घेतलेलं बरं.

खरेदी झाली म्हणजे पंचायतीत नाव आपोआप लागतं असं समजून बसू नका. नोंदणीची माहिती तिकडे जाते, पण थकीत घरपट्टी असेल तर काम अडतं. आमच्या आधीची दोन वर्षांची पट्टी बाकी होती, ती पावती घेऊन भरल्यावर काम पुढे सरकलं. आमच्या दोघांच्या नावाचा फॉर्म 9 आणि 11अ 19 डिसेंबरला मिळाला. त्याची एक प्रत बँकेला दिली, कारण कर्जाच्या अटींत ती होती. मूळ खरेदीपत्र बँकेत जमा आहे. तिथे दिलेल्या प्रत्येक कागदाची यादी शिक्क्यासह घेतली आहे आणि 1949 चं मोडी खरेदीखतही त्या यादीत सातव्या क्रमांकावर लिहून घेतलं आहे.